आमच्यामागें याला कोण?

ज्या घरांत बुद्धीनें जन्मतःच फार अधू असलेलें मूल वाढून मोठें झालें आहे, त्या घरांत एक प्रश्न नेहमीं असतो. दिवसां तो कोणी उच्चारीत नाहीं. रात्रीं दिवा मालविल्यावर नवराबायको तो एकमेकांस विचारितात, व पुष्कळदां उत्तर न देतांच निजतात. प्रश्न असा कीं, आपण आहों तोंवर ठीक. आपल्यामागें याला कोण?

मूल लहान असतें तोंवर आळींतलीं माणसें त्याला कडेवर घेतात. पण तेंच मूल तीस वर्षांचा पुरुष झालें, त्याला अजून भरवावें, धुवावें व कपडे घालावे लागतात, आणि आईची साठी उलटली, म्हणजे शेजाऱ्यांचें येणें हळूहळू थांबतें. मंडळींतहि त्या घराची विचारपूस कमी होते. यास्तव या पाठांत आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहों. पाठाचें तात्पर्य आधींच सांगून ठेवितों: आईबापांच्या मरणानंतर जें काम दुसऱ्यांनीं करावयाचें आहे, तें आईबाप जिवंत असतांनाच थोडें थोडें दुसऱ्यांच्या हातीं द्यावें, आणि मंडळीनें तें घेण्यास हात पुढें करावा.

१. हा प्रश्न आतां इतका मोठा कां झाला?

पूर्वीं अशीं मुलें पुष्कळदां लहानपणींच दगावत. छातींत कफ होई, फिटी येत, हृदयांत जन्मापासून दोष असे, आणि औषध नसे. आईबापच मुलाला मूठमाती देत. त्यामुळें आपल्यामागें कोण, हा विचार क्वचितच पडे. आतां स्थिति बदलली आहे. डाउन सिंड्रोम या नांवाची एक जन्मजात अवस्था आहे. तिच्यांत शरीराच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचीं गुणसूत्रें दोनाऐवजीं तीन असतात; ही गोष्ट फ्रान्स देशांतील शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं दाखवून दिली. अमेरिकेंत १९८३ च्या सुमारास अशा माणसाचें सरासरी आयुष्य २५ वर्षें धरीत असत. तेंच आतां ६० वर्षांच्या जवळ गेलें आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया, नवीं औषधें व घरची चांगली निगा यांमुळें हें झालें. आपल्याकडेहि अशीं मुलें मोठीं होतांना व आईबापांच्या पश्चात् जगतांना दिसतात. मुलाचें आयुष्य वाढलें ही आनंदाची गोष्ट होय. पण त्याबरोबर तरतूदहि वाढली पाहिजे.

२. दोष कोणाचा?

पुढची तरतूद करावयाची तर आधीं लाज सोडावी लागते. लाजेचें मूळ बहुधा दोष देण्यांत असतें. आईनें ग्रहणांत विळी हातीं धरली, सासरीं कोणाची नजर लागली, मागल्या जन्मींचें पाप फळास आलें, असें गांव म्हणतें. मंडळींतील कोणी तेंच जुनें म्हणणें नवे शब्द घालून, ‘आईबापांच्या पापामुळें,’ असें म्हणतो. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनींहि हाच प्रश्न केला होता. योहानाच्या नवव्या अध्यायांत प्रभूनें त्याला काय उत्तर दिलें, तें वाचकांनीं पुनः वाचून पाहावें. त्यानें त्या मनुष्यासहि दोष दिला नाहीं, त्याच्या आईबापांसहि नाहीं.

वैद्यकशास्त्र जीं कारणें सांगतें तीं अशीं: बाळंतपण अडून बाळास श्वास मिळण्यास उशीर होणें, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, तान्हेपणीं मेंदूज्वर, गरोदर आईच्या अन्नांत आयोडीनाचा मोठा तुटवडा, गुणसूत्रांतील फरक. पुष्कळदां तर नक्की कारण सांपडतच नाहीं. शिवाय वेड लागणें निराळें व बुद्धीची वाढ खुंटणें निराळें. वेड हा मागाहून येणारा आजार असून तो औषधानें पुष्कळ अंशीं आटोक्यांत येतो. बुद्धीची उणीव ही लहानपणापासूनची अवस्था आहे. म्हणून ‘वेडा’ किंवा ‘खुळा’ हे शब्द चुकीचे आहेत, आणि ते ऐकून आईच्या काळजाला घर पडतें. त्याला त्याच्या नांवानेंच हांक मारावी.

३. एका मिशनरी घरांतील उदाहरण

पर्ल बक हें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल. ही बाई अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांची कन्या. तिचें बालपण चीन देशांत गेलें. १९२० सालीं तेथेंच तिला कॅरल नांवाची मुलगी झाली. मुलगी दिसण्यांत सुरेख; पण कांहीं वर्षांत आईच्या ध्यानांत आलें कीं, हिची बुद्धि वाढत नाहीं. तिनें अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजविले. उपाय सांपडला नाहीं.

कॅरलला फेनिलकीटोन्यूरिया नांवाचा विकार होता, हें फार उशिरां कळलें. या विकारांत अन्नांतील प्रथिनाचा एक अंश शरीराला पचवितां येत नाहीं. तो रक्तांत सांचतो व वाढत्या मेंदूस इजा करितो. नॉर्वे देशांतील फॉलिंग नांवाच्या डॉक्टरानें हा विकार १९३४ सालीं ओळखिला. दोन अधू मुलांच्या आईनें कारण शोधण्याचा हट्ट धरिला, म्हणून तो शोध लागला. आज जन्मानंतर लवकर रक्त तपासून विशेष आहार दिला, तर ही हानि टळते. कॅरलच्या जन्माच्या वेळीं हें ज्ञान जगांत कोणाजवळच नव्हतें. मग तिच्या आईला बोल कसा लावावा?

१९२९ सालीं पर्ल बकनें मुलीला अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील व्हाइनलंड येथील शाळेंत ठेविलें. तिच्या आजन्म खर्चाची सोय करावी हा तिच्या लिहिण्याचा एक मोठा हेतु होता. १९३१ सालीं तिची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी निघाली व १९३८ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें. १९५० सालीं तिनें आपल्या या मुलीविषयीं पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या काळीं मोठमोठीं घराणीं अशीं मुलें जगापासून लपवीत असत. १९७३ सालीं आई वारली. मुलगी त्यानंतर आणखी १९ वर्षें जगली व १९९२ सालीं, ७२ वर्षांची होऊन, निवर्तली. आईच्या मागें पर्ल बकच्या एका दत्तक कन्येनें, म्हणजे कॅरलच्या बहिणीनें, तिचें पालकत्व सांभाळिलें.

मुलीला दूर ठेवावें असा याचा अर्थ आपण घेऊं नये. पुढें अमेरिकेंतील अशा अनेक मोठ्या संस्थांतील गर्दी व हयगय उघडकीस आली, आणि पुष्कळ संस्था बंद झाल्या. आपण घ्यावयाचा धडा निराळा आहे. ही १९ वर्षें कोणास आधीं दिसत नव्हतीं. पण तीं येणार हें आईनें गृहीत धरिलें होतें. तिनें तीन गोष्टी केल्या: मुलीविषयीं अखेर जगाला उघड सांगितलें, पैशाची सोय केली, आणि मुलीला ओळखणारीं दुसरीं माणसें आपल्या हयातींतच तयार केलीं. पैसा आपल्या खेड्यांतील घरांजवळ थोडा असेल. पण पहिली व तिसरी गोष्ट गरिबालाहि करितां येते.

४. अठरावें वर्ष

आतां आपल्या देशांतील कायद्याकडे वळूं. पुष्कळ आईबापांस वाटतें कीं, मूल अधू आहे, तेव्हां आपण त्याचे कायमचे पालक आहों. कायदा तसें मानीत नाहीं. अठरा वर्षें पूर्ण झालीं कीं तो मनुष्य सज्ञान ठरतो, व बँकेंत, कचेरींत किंवा जमिनीच्या व्यवहारांत आईबापांची सही त्याच्या वतीनें आपोआप चालत नाहीं. अनाथ अधू मुलांस तर हें वर्ष फारच कठीण जातें, कारण बालगृहें अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठीं असतात. अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेलीं अपंग व मतिमंद मुलें सांभाळिलीं व त्यांस आपलें नांव दिलें. अठरा वर्षांनंतर अशांस बाहेर काढूं नये, त्यांचें आजन्म पुनर्वसन व्हावें, ही मागणी ते अनेक वर्षें करीत आले आहेत. २०२४ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

घर असलेल्यांसाठीं मार्ग आहे. उपदेशकांनीं तो नीट समजून घ्यावा, म्हणजे त्यांस घरोघरीं सांगतां येईल.

(अ) प्रथम जिल्हा रुग्णालयांतून दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र घ्यावें. बहुतेक सवलतींसाठीं दिव्यांगत्व निदान ४० टक्के असावें लागतें.

(आ) १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक उणीव व एकाहून अधिक प्रकारचें अपंगत्व, या चार अवस्थांतील माणसांसाठीं तो आहे. त्याप्रमाणें जिल्ह्यांत एक स्थानिक समिति असते. तींत जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणी झालेल्या संस्थेचा प्रतिनिधि व एक अपंग व्यक्ति असतात. आईबाप किंवा नातलग या समितीकडे पालक नेमण्यासाठीं अर्ज करूं शकतात.

(इ) याच न्यासाची ‘निरामय’ नांवाची विमा योजना आहे. तींत वर्षास १ लाख रुपयांपर्यंत औषधोपचाराचा खर्च मिळूं शकतो.

(ई) गरीब घरांसाठीं महाराष्ट्रांत संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची चौकशी तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरींत करावी.

येथें एक गोष्ट विसरूं नये. पालक नेमला म्हणजे त्या माणसाची इच्छा संपली असें नव्हे. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याचा रोख असा आहे कीं, निर्णय त्याच्यासह व त्याची इच्छा जाणून घ्यावे. ज्याला शब्द नाहींत त्यालाहि आवडनिवड असते. तो मान फिरवितो, हात धरितो, ओरडतो. तें त्याचें बोलणेंच होय.

५. सीबाची गोष्ट

पालक कसा असावा, यासंबंधीं दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकांत एक मोठी बोधप्रद हकीकत आहे. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पांच वर्षांचा असतां दाईच्या हातून पडला व दोन्ही पायांनीं लंगडा झाला. त्याची बुद्धि शाबूत होती, तरी जमीन कसणें त्याच्या हातचें नव्हतें. दावीदानें त्याला आपल्या पंक्तीस बसविलें व त्याची शेती सीबा नांवाच्या चाकराकडे सोंपविली. सीबाला पंधरा मुलगे व वीस चाकर होते. म्हणजे कसणारे हात भरपूर होते. व्यवस्था उत्तम होती. पण पुढें गडबडीच्या दिवसांत सीबा राजाकडे एकटा गेला, धन्याविषयीं खोटें सांगितलें, आणि सारी मिळकत आपल्या नांवें करून घेतली. धन्याला लंगडेपणामुळें वेळेवर पोंचतां आलें नाहीं. शेवटीं खरें सांगूनहि जमीन अर्धीच परत देऊं केली गेली.

राजाची माया कमी नव्हती. पण सीबाचा हिशेब पाहणारा कोणी नव्हता. आपल्या गांवांतहि ‘थोरला भाऊ सांभाळील’ या तोंडी बोलीवर जमीन थोरल्याच्या नांवें होते. भाऊ भला असला तरी त्याच्यामागें त्याचे वारस येतात. १९९९ च्या कायद्यांत याचीच काळजी घेतली आहे. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत सर्व मिळकतीची व देण्याघेण्याची यादी द्यावयाची असते. दर आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब द्यावयाचा असतो. आणि त्यानें छळ, हयगय किंवा अफरातफर केली तर त्याला काढून टाकितां येतें.

मृत्युपत्राविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ सालचा भारतीय वारसा कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करितां वारला, तर विधवेस एक तृतीयांश व राहिलेलें सर्व मुलांस सारख्या वाट्यानें मिळतें. मुलगा असो वा मुलगी, धड असो वा अधू. अधू मुलाचा वाटा त्याचाच आहे. तो कोणी दया म्हणून देत नाहीं. मृत्युपत्र केल्यास त्यावर दोन साक्षीदार लागतात. ज्याला मृत्युपत्रानें कांहीं मिळावयाचें आहे, त्यानें किंवा त्याच्या बायकोनें अथवा नवऱ्यानें साक्ष घालूं नये. घातल्यास त्याला ठेविलेली देणगी रद्द होते. मुलाच्या वाट्याची व्यवस्था दोघां-तिघां विश्वस्तांकडे सोंपवितां येते. त्यासाठीं वकिलाचा सल्ला घ्यावा.

६. काळजीची वही

कागदपत्रें झालीं तरी एक संपत्ति उरते, जी फक्त आईच्या डोक्यांत असते. तो कोणत्या कुशीवर निजतो; पाणी हवें असलें म्हणजे कसला आवाज काढितो; कोणती फिटीची गोळी किती वाजतां; कशानें घाबरतो; कोणतें गाणें म्हटलें म्हणजे शांत होतो. आई अचानक गेली तर ही सारी विद्या तिच्याबरोबर मातींत जाते, आणि मूल परक्यांच्या हातीं मुक्याहून मुकें होतें. यास्तव एक साधी वही करावी. आईला लिहितां येत नसेल तर तिनें सांगावें व उपदेशकानें किंवा शाळेंत जाणाऱ्या भाचीनें लिहावें. तींत पुढील गोष्टीहि असाव्या:

जो स्वतः कूस बदलूं शकत नाहीं, त्याची कूस अंथरुणांत दर दोन तासांनीं बदलावी. नाहींतर अंगाला जखमा पडतात. भरवितांना त्याला बसतें करावें; निजवून भरविल्यास घांस श्वासनळींत जातो. फीट आली तर कुशीवर वळवावें, तोंडांत चमचा किंवा बोटें घालूं नयेत, कांदा व जोडा हुंगवीत बसूं नये. पांच मिनिटांत फीट थांबली नाहीं तर दवाखाना गांठावा. गोळ्या मनानें बंद करूं नयेत. एरवीं शांत असणारा माणूस एकाएकीं मारूं लागला किंवा जेवीनासा झाला, तर हट्ट म्हणून शिक्षा करूं नये. दाढ, कान, पोट यांपैकीं कांहीं दुखत असेल, तें सांगण्यास त्याच्याजवळ दुसरी भाषा नाहीं. डाउन सिंड्रोमच्या माणसांस पन्नाशीच्या आंतबाहेर विसराळूपणाचा आजार पुष्कळदां जडतो. तेव्हां शिकविलेलें तो विसरूं लागला तर रागावूं नये, डॉक्टरांस दाखवावें.

वही झाल्यावर ती दुसऱ्यानें वापरून पाहिली पाहिजे. आरंभीं एक तास, मग एक दुपार, मग एक रात्र, असें मुलानें दुसऱ्याच्या हातून जेवावें व निजावें. आईला हें कठीण जाईल. पहिल्या खेपेस मूल रडेल. पण आईच्या डोळ्यांदेखत जें रडणें होतें, तें शांत करितां येतें. भावाबहिणींनाहि विचारावें, हुकूम करूं नये. बहिणीचें लग्न ‘भावाला सांभाळशील तरच’ या अटीवर अडविणें, हा तिच्यावर अन्याय आहे. जो मनापासून एक वाटा उचलील, तो सर्व ओझें धाकानें उचलणाऱ्याहून बरा.

७. मंडळीचें काम

परकीं माणसें असें काम करूं शकतात काय? बेल्जियम देशांत गील नांवाचें एक गांव आहे. तेथील साधीं शेतकरी कुटुंबें मध्ययुगापासून मनानें आजारी व बुद्धीनें अधू असलेल्या परक्या माणसांस आपल्या घरांत ठेवून घेत आलीं आहेत. १९३८ च्या सुमारास अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक होती. डॉक्टर देखरेख करितात, कुटुंबास खर्चासाठीं कांहीं रक्कम मिळते, आणि पाहुणा घरच्यांबरोबर जेवतो व जमेल तें काम करितो. आतां संख्या पुष्कळ घटली असली तरी प्रथा बंद पडलेली नाहीं. तेथील लोक आपल्याहून निराळे नाहींत. पिढ्यान् पिढ्या अशा माणसांस पाहत आल्यामुळें त्यांना भीति वाटेनाशी झाली, इतकेंच.

आपल्या मंडळीनें इतकें मोठें काम आजच अंगावर घेण्याची गरज नाहीं. पुढील चार गोष्टी मात्र पुढल्या महिन्यांत करण्याजोग्या आहेत. एक, पाळकांनीं व पंचांनीं अशा प्रत्येक घराची नोंद करावी व कागदपत्रांचें काम कोठें अडलें तें पाहावें. दोन, आठवड्यांतून एक दुपार दोन जणांनीं त्या घरीं बसावें, म्हणजे आईला बाजारास, दवाखान्यास किंवा नुसती झोंप घेण्यास मोकळीक मिळेल. नेहमीं दोघे असावे, आणि मोठ्या मुलीजवळ विश्वासू बायकाच असाव्या. कारण ज्याला तक्रार सांगतां येत नाहीं, त्याच्या रक्षणाची जबाबदारी दुप्पट असते. तीन, उपासनेंत त्याच्यासाठीं जागा असावी. तो मध्येंच ओरडला तर माना वळवूं नयेत; मंडळीला तेवढा आवाज सोसतां आला पाहिजे. चार, आईबापांच्या दुखण्यांत किंवा मौतीच्या दिवशीं त्याच्याजवळ कोणीं बसावयाचें, हें आजच ठरवून ठेवावें. मौतीच्या घरीं सर्वजण रडणारांचें सांत्वन करितात. ज्याला रडण्याचें कारणच कोणी सांगितलें नाहीं, तो कोपऱ्यांत उपाशी राहतो.

‘आमच्यामागें याला कोण?’ या प्रश्नाला ‘देव आहे’ असें उत्तर देऊन उठून जाणें सोपें आहे. तें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें देणारानें पुढच्या गुरुवारीं दुपारीं त्या घरीं जाऊन बसावें, म्हणजे आईला तें खरें वाटेल.

वर्गासाठीं प्रश्न

१. आपल्या मंडळींत अशीं किती घरें आहेत? त्यांतील मोठ्या मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय?
२. अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर आईबापांच्या सहीचें काय होतें? पालक नेमण्याचा अर्ज कोणाकडे करावा?
३. सीबाच्या हकीकतींत व्यवस्था कोठें ढिली पडली? आपल्या गांवांत तसें होऊं नये म्हणून काय करावें?
४. काळजीच्या वहींत कोणत्या गोष्टी लिहाव्या? आपल्या मंडळींत ती लिहून देण्यास कोण तयार आहे?
५. आठवड्याची एक दुपार कोण दोघे देतील? वर्ग सुटण्यापूर्वीं नांवें लिहून घ्यावीं.